चरकाशेजारचा कोयता

बारामतीहून आल्यापासून जो भेटतो तो हुरड्याबद्दल विचारतो. हुरडा खाल्ला. गरम गूळ खाल्ला, कालव्याच्या काठाने हिंडलो, पुण्यातल्या माणसाला हेवा वाटावा ते सगळं केलं. पण सांगायला बसलो की तोंडातून निराळंच काही बाहेर पडतं आणि ऐकणारे गप्प होतात. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतो.

नाना पेठेत माझा लहानसा कारखाना आहे. दवाखान्यांना लागणारं सामान आम्ही बनवतो. ट्रे, स्ट्रेचर, मोडलेल्या हाडाला बांधायच्या फळ्या, सुया उकळायची भांडी. अपघाताच्या जागी न्यायची एक औषधपेटी मी स्वतः आखली होती. सागवानी, पितळी कोपऱ्यांची. झाकण उघडलं की आतले कप्पे आपोआप वर येऊन पायऱ्यांसारखे उभे राहायचे. ज्याने पाहिली त्याने कौतुक केलं. मग भाऊबीजेला कुसुम आली. कुसुम माझी मामेबहीण, इंदापूर तालुक्यातल्या एका गावात नर्स आहे. तिने पेटी उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि म्हणाली, "दादा, सुंदर आहे. पण ही टेबलावर उघडायची आहे. मला टेबल कुठे मिळतं?"

मला राग आला. तिने समजावून सांगितलं नाही, एकदा येऊन बघ एवढंच म्हणाली. पौषात हाताशी काम कमी होतं, तेव्हा पेटी घेऊन निघालो. तिच्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. त्या लोकांनी मला घरचं मानलं. त्यांच्या घरात जे घडलं ते नावगावासकट छापायचा मला अधिकार नाही.

दौंडहून पुढे

दौंडला मोठी गाडी सोडून बारामतीच्या छोट्या गाडीत बसलो. ही गाडी इतक्या सावकाश जाते की वाटेतल्या शेतात कोण काय करतंय ते नीट बघून होतं. डब्यात भाजीच्या रिकाम्या पाट्या घेऊन परतणारी माळी मंडळी होती. मांडीवरच्या माझ्या पेटीकडे ते बराच वेळ पाहत होते. शेवटी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने, पाव्हणं, एखादा अभंग हुंद्या, अशी विनंती केली. त्यांना ती बाजाची पेटी वाटली होती. मी झाकण उघडून कप्पे वर आणून दाखवले. सगळे वाकून बघू लागले. एका बाईने पायऱ्या मोजायचा प्रयत्न केला. म्हातारा मात्र हिरमुसला. औषधाची असून एवढी नटवली कशाला, असं त्याने शेजाऱ्याला विचारलं, आणि ते मला ऐकू येईल याची काळजीही घेतली नाही.

बारामती

बारामतीत कुसुमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे उतरलो. घराच्या पुढच्या भागात दवाखाना, अंगणात बैल सोडलेल्या गाड्या. आमच्याकडे रोगी टांग्यातून येतो आणि टांगा परत जातो. इथे रोग्याबरोबर सगळं घर येतं, अंगणात चूल मांडतं आणि रोगी बरा होईपर्यंत तिथेच राहतं. जेवायला जोंधळ्याची भाकरी, वांग्याचं कालवण आणि शेंगदाण्याची चटणी होती. गंमत अशी की आम्ही पुण्यात आमटीत गुळाचा खडा टाकल्याशिवाय राहत नाही, आणि जिथे गूळ होतो तिथल्या आमटीत तो औषधालासुद्धा नाही. तिखटाने माझे कान तापले. डॉक्टरांच्या पत्नीने न विचारता वाटीभर दही आणून ठेवलं.

संध्याकाळी डॉक्टरांबरोबर बाजारात फिरलो. पेरूचे ढीग, कोवळी मेथी, टोपल्याटोपल्यांनी वांगी. एक भाजीवाला तागडी धरायच्या ऐवजी ती उजव्या हाताच्या थोट्याला अडकवून तोलत होता. हात कोपराच्या खाली संपलेला होता. पुढे चहाच्या दुकानात कपबशा विसळणारा माणूस तसाच. मग फाट्यावर गाडी हाकणारा एक जण. या भागातले बरेच लोक महायुद्धात होते हे मला ठाऊक होतं, म्हणून मी डॉक्टरांना म्हणालो, लढाईने इथली फार माणसं अपंग केलेली दिसतात.

डॉक्टर थांबले. "लढाईतले नव्हेत ते," ते म्हणाले. "गुऱ्हाळातले."

मी आणखी विचारलं तेव्हा त्यांनी विषय बदलला. हंगाम चालू आहे, तुम्ही तिकडेच चालला आहात, बघालच, असं म्हणून त्यांनी मला पेरू घेऊन दिले.

कालव्याच्या दोन बाजू

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने इंदापूरच्या रस्त्याला लागलो. एका बाजूला कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, मोटारीच्या खिडकीपेक्षा उंच, आणि दुसऱ्या बाजूला दगडगोट्यांचं माळरान. त्यावर मेंढरं आणि कुसळं, बाकी काही नाही. पाणी जिथे संपतं तिथे हिरवा रंग कात्रीने कापल्यासारखा तुटतो. उसाच्या रानातून जागोजागी धूर वर चढत होता आणि तेलाच्या इंजिनांचा ठोका ऐकू येत होता. एकाचा ठोका मागे पडला की पुढच्याचा सुरू व्हायचा. गोड, जळका वास सगळ्या वाटेभर.

कुसुम रस्त्यावर उभीच होती. तिचा दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. हौसेने मी पेटी ठेवायला जागा शोधली, पण टेबल एकच आणि त्यावर एक तापाचं पोर निजलेलं. रोग्याच्या घरी जाताना काय नेते ते कुसुमने दाखवलं. खाकी कापडाची पिशवी, गळ्यात अडकवायची, कारण बांधावरून चालताना दोन्ही हात मोकळे लागतात. पिशवीतून तिने रक्त थांबवायची रबरी पट्टी काढली आणि मला ओढायला सांगितली. मी ओढली आणि ती माझ्या हातात तुटली. कडांना बारीक भेगा पडल्या होत्या, शिळ्या भाकरीसारख्या.

इथल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली रबर टिकत नाही, असं ती म्हणाली. नवी मागवली आहे, ती आली की तीही पुढच्या उन्हाळ्यात अशीच होणार. मी म्हटलं, माझ्या पेटीतली घे, नवीकोरी आहे. तिने ती घेतली, तिची नाजूक कडी दोनदा लावून पाहिली आणि पेटीतच राहू दे म्हणाली.

आबांचं गुऱ्हाळ

त्याच दुपारी गावातल्या एका बागायतदारांनी आम्हाला गुऱ्हाळावर बोलावलं. त्यांना सगळे आबा म्हणत. उंच, वाळलेले, बोलणं थोडं. आधी शेतात हुरडा झाला. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं आबांची सून हौसा तळव्यावर चोळून द्यायची, आणि तो कोवळा, गरम दाणा लसणाच्या चटणीबरोबर खायचा. मग आम्ही चरकाकडे गेलो.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चरक म्हणजे उसाचा रस काढायचं यंत्र. लोखंडाचे जाड रूळ, एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. शेजारी तेलाचं इंजिन, त्याच्यावरून चरकापर्यंत आलेला लांब पट्टा. एक माणूस रुळांसमोर बसून त्यांच्या तोंडात ऊस देतो. पलीकडून चिपाड बाहेर पडतं, खालून रस वाहतो, आणि तो रस मोठ्या काहिलीत आटवून त्याचा गूळ होतो. ऊस देत होता आबांचा मुलगा महादू, हौसाचा नवरा. पंचविशीतला, हसरा. बोलताना तो आमच्याकडे बघायचा आणि हात आपले आपण काम करत राहायचे.

चरकाशेजारच्या लाकडी मेढीला एक कोयता अडकवलेला होता. गुऱ्हाळातलं सगळं सामान रसाने चिकट आणि धुराने काळं झालेलं, हा मात्र तेल लावून पुसलेला आणि लखलखीत धारेचा. लोखंडा-पितळेत काम करणारा माणूस मी, माझी नजर तिथेच गेली. मी विचारलं, "यानेच ऊस तोडता का?"

"त्यो उसाचा न्हाय," आबा म्हणाले.

"मग कशाचा?"

"हाताचा."

मला कळलं नाही. आबांनी वाटीतली काकवी फुंकून माझ्यापुढे केली आणि समजावून सांगितलं. "इंजिनाला काय कळतंय? मनगट घेतलं की कोपर मागतंय, कोपर दिलं की खांदा. मग मानूस जातंय. म्हून कुनाचा हात गेला तर वरनं तोडायचा. धार चांगली लागती, न्हायतर हाल व्हत्यात."

हे ते ज्या आवाजात बोलले त्याच आवाजात थोड्या वेळापूर्वी त्यांनी मला हुरड्याचं कणीस कसं निवडायचं ते सांगितलं होतं. मी महादूकडे पाहिलं. त्याने मान डोलावली, जणू पाहुण्याने या गोष्टीबद्दल काही चुकीचं समजू नये म्हणून. कुसुमने नंतर वाटेत सांगितलं की आबांचे थोरले भाऊ याच चरकात गेले. त्यांच्यावर कोयता उचलायला कुणाचा हात धजला नव्हता. तेव्हापासून आबा दर हंगामात स्वतः धार लावतात.

माझ्या हातातली काकवी मी संपवली नाही. या सबंध मुलखात, या सगळ्या धुरांच्या खाली, अपघातासाठी म्हणून जवळ ठेवलेलं हत्यार एवढं एकच होतं. आणि मी पुण्यात कप्पे पायऱ्यांसारखे वर यावेत म्हणून बिजागऱ्या घासत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आबांचा इंजिनवाला तुकाराम सायकल टाकून धावत दवाखान्यात शिरला. "बाई, महादू," एवढंच म्हणाला.

कुसुमने पिशवी गळ्यात घातली, मी पेटी उचलली. बांधावरून पळताना पेटी गुडघ्यावर आदळत होती. दोन्ही बाजूंचा ऊस अंगाला लागत होता. एका जागी पाटात पाय जाऊन मी पेटीसकट आडवा झालो. आबांच्या इंजिनाचा ठोका ऐकू येत नव्हता, आणि त्या शांततेचीच मला भीती वाटत होती.

महादू चरकाला गाल टेकून वाकून उभा होता. उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत रुळांत. तुकारामने पट्टा उडवून चरक थांबवला होता, पण हात आत होता तो तसाच. हौसाने त्याला कमरेला धरलं होतं. महादू शुद्धीवर होता, पाणी मागत होता. बाजूला आबा उभे होते आणि कोयता त्यांच्या हातात होता.

कुसुमने आधी महादूच्या दंडाला हात लावला, मग आबांकडे वळली. "आबा, चरक थांबलाय. हात आता पुढे जात नाही. जरा थांबा."

"माझा भाऊबी असाच धरला हुता, बाई," आबा म्हणाले. "थांबलो, म्हून गेला."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. वरचा रूळ ज्या चौकटीत बसवलेला होता तिच्या डोक्यावर दोन मोठे नट होते. ते ढिले केले तर रूळ उचलला जाईल, हे यंत्रावर काम करणाऱ्या कुणालाही दिसलं असतं. तुकारामलाही दिसलं होतं. त्याने पाना आणून ठेवला होता, पण नट हलत नव्हते. चरक बसवल्यापासून ते कधी उघडले नव्हते, आणि हंगामाहंगामाचा रस त्यांच्यावर वाळून दगड झाला होता. आम्ही पान्याच्या दांडीवर विहिरीच्या पंपाचा नळ चढवला, म्हणजे जोर वाढतो. दोघे लोंबकळलो. एक नट करकरला आणि फिरला. दुसरा हलेना.

आबा एक पाऊल पुढे आले. हौसा नवऱ्याच्या आणि त्यांच्या मध्ये सरकली.

मी तुकारामला काहिलीतला उकळता रस आणायला सांगितलं. महादूच्या हातावर आणि मानेवर ओली पोती टाकली आणि रस त्या नटावर ओतला. वाफ उठली. पुन्हा ओतला. माझ्या बोटांवर फोड आले ते मला संध्याकाळी दिसले. मग आम्ही नळावर असा जोर टाकला की तुकाराम घसरून पडला, आणि नट फिरला. पहार घालून रूळ उचलला आणि कुसुमने हात बाहेर घेतला. त्याला हात म्हणणं कठीण होतं. त्याचं वर्णन मी करणार नाही.

रुळांनी दाबून धरलेलं रक्त आता मोकळं झालं. कुसुमने पिशवीतला तुटक्या रबरी पट्टीचा उरलेला तुकडा दंडाभोवती ओढला, तोही तुटला. "दादा, तुझी," ती म्हणाली. मी पेटी जमिनीवर ठेवून उघडली. खाली राख, चिपाड आणि सांडलेला रस. कप्पे ऐटीत वर आले, एका बाजूला कलले आणि सगळं सामान चिखलात ओतलं गेलं. आयोडिनची बाटली फुटली. पट्टी मला सापडली. ती मी दंडाभोवती घेतली आणि कडी लावू लागलो. ती कडी मीच आखली होती, चांगली नाजूक, कपड्याला डाग पडू नये म्हणून आत बसणारी. माझे हात रसाने आणि रक्ताने बरबटलेले. कडी बोटांतून निसटायची. पुन्हा धरायचो, पुन्हा निसटायची. कारखान्यात मी ती डोळे मिटून लावत असे.

कुसुमने मला कोपराने बाजूला सारलं. दंडाच्या आतल्या बाजूला तिने दोन्ही अंगठे हाडावर रोवले आणि रक्त थांबलं. तशीच ती त्याच्याबरोबर बैलगाडीत चढली; आबा आणि मी मागून चढलो, काहिली चुलीवर होती म्हणून हौसा मागे राहिली. रस्त्यावर पोती भरलेला एक ट्रक अडवला, त्यातही तशीच. वाटेत तिचे अंगठे बधिर झाले. तिने सांगितलं तसे मी माझे त्यांच्याशेजारी रोवले, मग तिने हळूच आपले काढले. तेवढ्यात उसळलेलं रक्त मी पाहिलं. मग माझ्या अंगठ्याखाली ठोके लागायला लागले. बारामती येईपर्यंत मी दुसरं काही पाहिलं नाही, ऐकलं नाही. ते ठोके चुकले तर, एवढंच मनात.

डॉक्टरांनी पंजा वाचवता येणार नाही म्हणून सांगितलं आणि महादूला आत घेतलं. आम्ही ओट्यावर बसलो. कुसुमची बोटं आखडली होती, ती गुडघ्यावर घासून सरळ करत होती. आबा उभेच होते, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की कोयता अजून त्यांच्या मुठीत आहे. गुऱ्हाळापासून गाडीत, गाडीतून ट्रकात, तो त्यांनी तसाच धरून आणला होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. कुसुमने उठून तो त्यांच्याकडून काढून घेतला आणि भिंतीला टेकवला.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा अंगणातल्या चुली पेटल्या होत्या. जीव वाचला, ते म्हणाले.

"कोपर हाय का?" आबांनी विचारलं.

"आहे."

आबा खाली बसले, फेटा सोडला आणि तोंडावर धरला.

परत

सकाळी आबांना महादूपाशी ठेवून मी आणि कुसुम गावाकडे परतलो. माझं सामान तिथेच पडलं होतं. मोटारीतून उतरलो आणि मी जागीच थांबलो. इंजिनाचा ठोका ऐकू येत होता, आबांच्या रानातून.

चरक चालू होता. रुळांसमोर, महादूच्या जागी, हौसा बसली होती.

तुकारामने इंजिन हळू केलं. चौकटीवरचे दोन्ही नट खरवडून त्याने वंगणात बुडवले होते आणि पाना दोरीने चरकालाच बांधला होता. काहिलीतला रस नासतो, त्याने सांगितलं. शिवाय शेजाऱ्याचाही ऊस तोडून पडलाय, त्यालाही पाळी दिलेली आहे. दुसरं कोण बसणार? माणूस मिळेना. कुसुमने हौसाला नवऱ्याची हकीकत सांगितली. हौसा ऐकत होती, मध्येच त्यांनी काही खाल्लं का म्हणून विचारलं, पेज घेतली हे कळल्यावर मान हलवली. हातातल्या बांगड्या मी काढायला सांगणार होतो, पण नवरा दवाखान्यात असताना कोणत्या तोंडाने सांगणार? तिने त्या वर सारून चिंधीने घट्ट बांधल्या होत्या.

मला तिथे सुचलं ते एवढंच. रक्त थांबवायच्या पट्ट्याला रबर नको, खाटेची नवार घ्यावी, ती उन्हात विरत नाही. नाजूक कडी नको, पितळी स्क्रू आणि त्यावर मुठीत मावेल असा लाकडी दांडा, हात बरबटलेले असले तरी पिळता येईल असा. आज कुसुमच्या पिशवीत आहे तो पट्टा असाच झाला. घरी हातांना गोडं तेल चोपडून आणि डोळे बांधून मी तो लावून बघितला. पहिले दोन टाकून द्यावे लागले. पण लांबी किती ठेवायची हे त्या दिवशी मला ठरवता येईना. आमची मापं सगळी लष्करी जवानांच्या दंडावरून घेतलेली.

मी हौसाला म्हणालो, बाई, एक पट्टा करायचा आहे, दंडाचं माप हवं.

"कुनासाठी?" तिने विचारलं.

मी रुळांकडे जाणाऱ्या तिच्या हाताकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं. मी खिशातून फीत काढली. हौसाने डावा हात माझ्यापुढे धरला, आणि उजव्याने रुळांत ऊस देत राहिली.